पीएफसी चालू आहे तरी लॉसलेस क्यूत ड्रॉप परत परत येतायत? कुठून शोधायचं ते

पीएफसी (प्रायॉरिटी फ्लो कंट्रोल, म्हणजे बफर भरत आला की समोरच्याला थोडं थांबवून पॅकेट पडू न देणारी ईथरनेटची सोय) कॉन्फिगर केलं, टेस्ट केली, सगळं नीट चाललं, आणि काही दिवसांनी परत तीच तक्रार: स्टोरेज स्लो झालंय, किंवा जीपीयूवरचा ट्रेनिंग जॉब मधेच लटकतोय, नेटवर्क कार्डवर आउट ऑफ सिक्वेन्सचे (क्रम चुकलेल्या पॅकेटचे) काउंटर चढतायत, आणि ज्या क्यूत एकही पॅकेट पडायला नको नेमके तिथेच ड्रॉप. मग कोणीतरी पोर्ट शट करून परत चालू करतं, नाहीतर होस्ट रीबूट करतं, थोडे दिवस बरं चालतं आणि परत पहिल्यासारखं. ज्यांच्याकडे हे चालू आहे त्यांच्यासाठी सविस्तर लिहितोय. माझं मत आधीच सांगून टाकतो. पीएफसी हा केबलच्या दोन टोकांमधला करार आहे, आणि तो रस्त्यातल्या प्रत्येक केबलवर वेगळा करावा लागतो. त्रास फिरून येतो तेव्हा बहुतेक वेळा यातलं कुठलं तरी एकच टोक कोणाला न कळता बदललेलं असतं. स्विचची कॉन्फिग दहा वेळा वाचून ते टोक सापडत नाही, कारण कॉन्फिगमध्ये काय हवं होतं एवढंच लिहिलेलं असतं. दोन्ही टोकांचे काउंटर शेजारी शेजारी ठेवले की सापडतं.

आधी थोडं बेसिक, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. जुना पॉज, म्हणजे ८०२.३एक्स, तो अख्खी लिंक थांबवतो. पीएफसी म्हणजे ८०२.१क्यूबीबी, २०११ चं स्टँडर्ड, यात ८ प्रायॉरिटी वेगवेगळ्या थांबवता येतात. दोन्हीची फ्रेम मॅक कंट्रोलचीच, ईथरटाइप हेक्समध्ये ८८०८, पण ऑपकोड वेगळा: साध्या पॉजचा ०००१ आणि पीएफसीचा ०१०१. पीएफसीच्या फ्रेममध्ये कुठल्या प्रायॉरिटीबद्दल बोलतोय ते सांगणारे बिट असतात आणि आठ टायमर असतात, प्रत्येक १६ बिटांचा. टायमरचं एकक म्हणजे क्वांटा, एक क्वांटा म्हणजे ५१२ बिट जायला लागणारा वेळ. म्हणजे जास्तीत जास्त ६५५३५ क्वांटा मागितले तर १० जी लिंकवर साधारण ३.३५ मिलिसेकंद होतात आणि १०० जीवर फक्त ०.३३ मिलिसेकंद. थांबवणाऱ्याला अजून थांबवायचं असेल तर तो परत फ्रेम पाठवतो, लवकर सोडायचं असेल तर शून्य टायमरवाली फ्रेम पाठवतो. म्हणून नुसता "किती पॉज फ्रेम आल्या" हा आकडा फसवा आहे, एका थांबण्यामागे दोन फ्रेम असतील किंवा शंभर असतील. कार्ड किंवा स्विच पॉजचा एकूण कालावधी दाखवत असेल तर तोच बघा.

अजून एक, कारण यात लोकांचा अख्खा दिवस जातो. होस्टवर टीसीपीडंप लावून पीएफसीच्या फ्रेम शोधू नका. त्या मॅक लेव्हललाच खाल्ल्या जातात, वर ऑपरेटिंग सिस्टिमपर्यंत येतच नाहीत, आणि बहुतेक स्विचवर पोर्ट मिरर केला तरी त्यात त्या येत नाहीत. टीसीपीडंपमध्ये काही दिसलं नाही म्हणजे पीएफसी बंद आहे असा निष्कर्ष काढून लोक चालू असलेली गोष्ट बदलायला घेतात आणि गोंधळ वाढतो.

ड्रॉप आहे की पॉज जास्त आहे, ते आधी ठरवा

तक्रार एकच येते, "स्लो आहे". पण मागे दोन अगदी उलट आजार असतात. एकात पॅकेट खरंच पडतंय, म्हणजे पीएफसी काम करत नाहीये किंवा उशिरा करतंय. दुसऱ्यात एकही पॅकेट पडत नाही, पण कोणीतरी सतत "थांब थांब" म्हणतंय आणि सगळे थांबलेत. पहिल्याचं औषध दुसऱ्याला दिलं तर अजून बिघडतं. म्हणून त्रास चालू असतानाच, नंतर नाही, दोन्ही बाजूंचे काउंटर एकदा घ्या, दहा-पंधरा सेकंदांनी परत घ्या, आणि फरक बघा. चालू होस्टवरचे एकूण आकडे काही सांगत नाहीत, ते महिन्यांपूर्वीचेही असू शकतात.

लिनक्सवर ईथटूलच्या स्टॅटिस्टिक्समध्ये प्रायॉरिटीप्रमाणे आरएक्स (आलेले) पॉज, टीएक्स (पाठवलेले) पॉज, आणि बऱ्याच कार्डांवर पॉजचा कालावधीही मिळतो. स्विचवर सिस्कोच्या नेक्ससला इंटरफेसचं प्रायॉरिटी फ्लो कंट्रोल दाखवणारी शो कमांड आहे, अरिस्टाला प्रायॉरिटी फ्लो कंट्रोलचे काउंटर दाखवणारी आहे, सॉनिकवर (स्विचची ओपन सोर्स ऑपरेटिंग सिस्टिम) "शो पीएफसी काउंटर्स". आता दिशा नीट लक्षात ठेवा: स्विचच्या पोर्टवर आरएक्स वाढतंय म्हणजे समोरचा होस्ट स्विचला थांबवतोय, टीएक्स वाढतंय म्हणजे स्विच होस्टला थांबवतोय. आणि एका टोकाचा टीएक्स म्हणजे दुसऱ्या टोकाचा आरएक्स, हे आकडे जवळपास जुळलेच पाहिजेत. होस्टवर टीएक्स पॉज हजारांनी वाढतोय आणि स्विचच्या त्याच पोर्टवर प्रायॉरिटी ३ चा आरएक्स शून्य आहे, तर पुढचं काही तपासायची गरजच नाही, बिघाड याच केबलच्या दोन टोकांमध्ये आहे. स्विचवर त्या पोर्टला पीएफसी चालू नाही, किंवा दोघं वेगवेगळ्या प्रायॉरिटीबद्दल बोलतायत, किंवा होस्ट जुना सगळी लिंक थांबवणारा पॉज पाठवतोय.

हा शेवटचा प्रकार फार दिसतो. बऱ्याच कार्डांवर ड्रायव्हरच्या डिफॉल्टमध्ये ग्लोबल पॉज चालू असतो. एका पोर्टवर दोन्ही एकत्र चालत नाहीत, पीएफसी लावायचं तर ८०२.३एक्सवाला पॉज दोन्ही दिशांना बंद करावा लागतो. आणि ड्रायव्हर अपडेट झाला की तो परत चालू झालेला सापडतो. काउंटरमध्ये प्रायॉरिटी नसलेला नुसता "आरएक्स पॉज" वाढताना दिसला तर लगेच इथे या.

मार्किंग: पॅकेटला चिठ्ठीच चुकीची लागलीय

पीएफसी प्रायॉरिटीवर चालतं, म्हणून पॅकेट त्या प्रायॉरिटीत पडलंच नाही तर बाकी सगळं बरोबर असून उपयोग शून्य. माझ्या मते परत परत येणाऱ्या त्रासांचा सगळ्यात मोठा ढीग इथेच आहे, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

प्रायॉरिटी दोन ठिकाणी लिहिता येते. एक व्हीलॅन टॅगमधले ३ बिट, पीसीपी, याला बरेच लोक कॉस म्हणतात. दुसरी आयपी हेडरमधली डीएससीपी, ६ बिट, ० ते ६३. टॅगमधली प्रायॉरिटी टॅग असेपर्यंतच. पॅकेट राउट झालं किंवा टॅग न लावणाऱ्या पोर्टवर गेलं की ती गेली. म्हणून एकाच लेयर २ मध्ये सगळं असेल तर पीसीपी चालतं, पण लीफ-स्पाइन (होस्ट जोडलेले लीफ स्विच आणि त्यांना एकमेकांशी जोडणारे स्पाइन स्विच) राउटेड नेटवर्क असेल तर डीएससीपीच वापरा. मायक्रोसॉफ्टने २०१६ मध्ये त्यांच्या डेटासेंटरमधला आरडीएमएचा (एका मशीनच्या मेमरीतून थेट दुसऱ्याच्या मेमरीत डेटा पाठवण्याचा) अनुभव मांडला त्यात हाच बदल केल्याचं सांगितलंय, टॅगमुळे होस्टचं नेटवर्कवरून बूट होणं अडायचं आणि लेयर ३ ओलांडताना प्रायॉरिटी टिकायची नाही, म्हणून ते डीएससीपीवर गेले.

रॉकी व्ही२, म्हणजे यूडीपी पोर्ट ४७९१ वरून जाणारं आरडीएमए, त्यासाठी डीएससीपी २६ आणि प्रायॉरिटी ३ ही जोडी खूप ठिकाणी वापरतात. आता इथे एक खड्डा आहे. ॲप्लिकेशनला किंवा लायब्ररीला बहुतेक वेळा डीएससीपी द्यायची नसते, पूर्ण ८ बिटांची टीओएस किंवा ट्रॅफिक क्लास द्यायची असते. डीएससीपी २६ म्हणजे टीओएस १०४, आणि त्यात ईसीएनचा (गर्दीची खूण करायचा) बिट धरला तर १०६. पण लोक त्या जागी सरळ २६ टाकतात. टीओएस २६ म्हणजे डीएससीपी ६. आणि डीएससीपी ६ नेहमीच्या मॅपमध्ये प्रायॉरिटी ० ला जाते, म्हणजे साध्या ट्रॅफिकसोबत, जिथे ड्रॉप होणं अपेक्षितच आहे. मग स्विचवाला म्हणतो माझ्या क्यू ३ मध्ये ड्रॉप शून्य आहेत, होस्टवाला म्हणतो माझं पॅकेट पडतंय, आणि दोघंही खरं बोलत असतात. म्हणून पहिला प्रश्न हा विचारा की क्यू ३ मध्ये ट्रॅफिक जातंय तरी का. क्यूचे बाइट काउंटर बघा, रॉकीचं ट्रॅफिक सोडल्यावर ते वाढायला हवेत.

दुसरा खड्डा जीआयडी इंडेक्सचा. जीआयडी म्हणजे आरडीएमएसाठीचा कार्डाचा पत्ता, आणि इंडेक्स म्हणजे टेबलमधला त्याचा क्रमांक. त्याच कार्डावर रॉकी व्ही१ आणि व्ही२ दोन्हीचे जीआयडी टेबलमध्ये असतात. व्ही१ ला आयपी हेडरच नसतो, तो थेट ईथरटाइप ८९१५ वर जातो, मग डीएससीपी कुठून येणार. स्विच डीएससीपीवर ट्रस्ट ठेवून बसलेला असतो, त्याला काही दिसत नाही, तो पॅकेट डिफॉल्ट प्रायॉरिटीत टाकतो. आणि परत परत का होतं हे? कारण इंडेक्स कायमचा नसतो. रीबूटनंतर इंटरफेस वेगळ्या क्रमाने वर आले, एखादा आयपी वाढला, आयपी व्ही६ चालू-बंद झालं, की काल ज्या इंडेक्सवर व्ही२ होता तिथे आज दुसरंच काही असू शकतं. स्क्रिप्टमध्ये इंडेक्स ठोकून लिहिला असेल तर तो काढा, आणि जॉब सुरू होताना टेबल वाचून व्ही२ आणि बरोबर आयपी असलेला इंडेक्स निवडा. "रीबूट केला की कधी चालतं कधी नाही" अशी तक्रार असेल तर मी पहिल्यांदा हेच बघेन.

तिसरं, होस्टवरची सेटिंग टिकत नाही. मेलॅनॉक्स, म्हणजे आता एनव्हिडियाच्या कार्डांवर क्यूओएस टूलने ट्रस्ट डीएससीपी केलं आणि प्रायॉरिटी ३ ला पीएफसी लावलं, तर ते ड्रायव्हर रीस्टार्ट किंवा रीबूटनंतर राहत नाही. आरडीएमए कनेक्शनसाठी दिलेला डिफॉल्ट टीओएस पण तसाच जातो. ते बूटला लावायची सोय करावीच लागते, सिस्टिमडी सर्व्हिस करा किंवा युडेव्ह रूल करा, पण इंटरफेस वर आल्यानंतर चालेल असं करा, नाहीतर सर्व्हिस आधी चालते, कार्ड नंतर येतं, आणि लॉगमध्ये सगळं हिरवं दिसतं.

स्विचवरची साखळी

स्विचमध्ये पॅकेट आलं की एवढ्या गोष्टी घडतात: पोर्टचा ट्रस्ट काय आहे ते बघून डीएससीपी वाचली जाते, त्यावरून ट्रॅफिक क्लास ठरतो, त्यावरून इनग्रेसला (आत येताना) कुठल्या प्रायॉरिटी ग्रुपच्या बफरमध्ये मोजायचं ते ठरतं, आणि एग्रेसला (बाहेर जाताना) कुठल्या क्यूत उभं करायचं ते ठरतं. पीएफसी पाठवायचं की नाही हे इनग्रेसचा बफर बघून ठरतं, आणि आलेल्या पीएफसीवर थांबायचं असतं एग्रेसच्या क्यूने. हे दोन वेगळे मॅप आहेत. म्हणून एक बाजू बरोबर आणि दुसरी चुकलेली असं आरामात होऊ शकतं. समजा ट्रॅफिक क्लास ३ क्यू ४ मध्ये जातोय पण पीएफसीचा मॅप प्रायॉरिटी ३ ला क्यू ३ थांबवतो. समोरून थांब आलं, स्विचने इमानदारीत रिकामी क्यू ३ थांबवली, आणि क्यू ४ मधून पॅकेट जातच राहिली. आरएक्स काउंटर वाढतोय, दोन्ही टोकांचे आकडे जुळतायत, तरी समोर ड्रॉप. हे सापडायला वेळ लागतो कारण काउंटर स्वच्छ दिसतात. सॉनिकवर हे सगळे मॅप वेगवेगळ्या टेबलांमध्ये लिहिलेले दिसतात, एकेक उघडून हाताने एका पॅकेटचा प्रवास कागदावर काढा. नेक्सस ९००० वर नेटवर्क क्यूओएस पॉलिसीत पीएफसी कॉस ३ ला पॉज दिलेला असतो, ती पॉलिसी सिस्टिम क्यूओएसखाली लावलीय का ते बघा, नुसती लिहून ठेवली आणि लावलीच नाही असं होतं.

किती प्रायॉरिटी लॉसलेस ठेवायच्या? कमीत कमी. एकाने काम होत असेल तर एक. सॉनिकमध्ये साधारण ३ आणि ४ असतात. "सुरक्षित राहू दे" म्हणून आठही प्रायॉरिटींना पीएफसी लावलेले स्विच असतात, आणि त्यांना मग कशालाच बफर पुरत नाही कारण प्रत्येक लॉसलेस प्रायॉरिटी प्रत्येक पोर्टवर राखीव जागा खाते. ६ आणि ७ ला तर लावूच नका, राउटिंग प्रोटोकॉलचं ट्रॅफिक पॉजखाली अडकलं की राउटरांमधले शेजार तुटतात आणि मग वेगळाच गोंधळ.

हेडरूम

इथे "पीएफसी काम करतंय, पॉज जातायत, तरी ड्रॉप आहे" याचं उत्तर असतं. स्विचने थांब म्हटलं त्या क्षणी समोरचा थांबत नाही. त्याची फ्रेम आधी स्वतःच्या पोर्टवर चालू असलेलं मोठं पॅकेट संपायची वाट बघते, मग केबलमधून जाते, समोरच्याला ती समजून घ्यायला वेळ लागतो, तोही आपलं चालू पॅकेट पूर्ण करतो, आणि या सगळ्यात जे निघालेलं आहे ते केबलमध्ये आहेच. हे सगळं साठवायला जी राखीव जागा लागते ती हेडरूम.

अंदाज घ्या. फायबरमध्ये मीटरला साधारण ५ नॅनोसेकंद. १०० मीटरची केबल, जाऊन येऊन १ मायक्रोसेकंद, १०० जीवर त्यात १ लाख बिट, म्हणजे १२.५ किलोबाइट. त्यात दोन्ही बाजूंचं एकेक ९२१६ बाइटचं जंबो पॅकेट धरा, अजून १८ किलोबाइट. वर समोरच्या कार्डाचा प्रतिसादाचा वेळ. आता हीच लिंक १० किलोमीटरची करा, फक्त केबलचेच साधारण १.२५ मेगाबाइट होतात, एका पोर्टच्या एका प्रायॉरिटीसाठी. म्हणून दोन इमारतींमध्ये किंवा दोन डेटासेंटरमध्ये लॉसलेस ताणायचं असेल तर आधी स्विचचा बफर किती आहे ते बघा, नंतर बोला.

परत परत होण्याचं कारण इथेही असतं. हेडरूम पोर्टचा स्पीड, केबलची लांबी आणि एमटीयू (जास्तीत जास्त पॅकेट केवढं) यावरून काढलेली असते. नंतर कोणीतरी ४० जीचा ऑप्टिक काढून १०० जीचा लावतं, ५ मीटरच्या जागी लांब फायबर येते, पोर्ट ब्रेकआउट होतो (एकाचे अनेक छोटे पोर्ट), एमटीयू १५०० वरून ९००० होतो, आणि बफरचं प्रोफाइल मात्र जुनंच राहतं. काही स्विच स्पीड आणि लांबी बघून स्वतः काढतात, काहींना हाताने सांगावं लागतं, आपल्याकडे काय आहे ते एकदा खात्री करून घ्या. ओळखायची खूण: ड्रॉप इनग्रेसला दिसतील, एग्रेसला नाही, आणि त्याच पोर्टवर पीएफसीचा टीएक्स पण वाढत असेल. म्हणजे स्विच ओरडतोय पण समोरचा थांबेपर्यंत जागा संपतेय.

डीसीबीएक्स

डीसीबीएक्स एलएलडीपीवर (शेजारच्या उपकरणाला आपली माहिती सांगणाऱ्या प्रोटोकॉलवर) बसून दोन टोकांची पीएफसी आणि बँडविड्थची सेटिंग जुळवतं. एक टोक विलिंग, म्हणजे "तू सांगशील ते मी घेतो", आणि दुसरं सांगणारं. चालतं तेव्हा छान चालतं. पण त्याच्या जुन्या सीईई आणि नंतरच्या आयट्रिपलई अशा दोन आवृत्त्या आहेत, एक टोक एक आणि दुसरं दुसरी बोलत असेल तर पीएफसी चालू होतच नाही. दुसरं, एका होस्टवर दोन एलएलडीपी बोलणारे असतात, एक कार्डाच्या फर्मवेअरमध्ये आणि एक ऑपरेटिंग सिस्टिममध्ये. इंटेलच्या ७०० सिरीजच्या कार्डांवर फर्मवेअरमधला एजंट डिफॉल्टने चालू असतो आणि तो ईथटूलच्या प्रायव्हेट फ्लॅगने बंद करावा लागतो. दोघंही बोलले की स्विचला एका पोर्टवर दोन शेजारी दिसतात आणि मग कोणाचं ऐकायचं हा प्रश्न. स्विचवर एलएलडीपीचे शेजारी बघा, एका पोर्टवर एकच असायला हवा.

आणि एलएलडीपीची माहिती कायम टिकत नाही. नेहमीच्या डिफॉल्टमध्ये ३० सेकंदांनी एक फ्रेम जाते आणि साधारण १२० सेकंद काही आलं नाही तर माहिती टाकून दिली जाते. होस्टवर एलएलडीपीचा डीमन पडला की दोन मिनिटांनी पीएफसी आपोआप बंद पडू शकतं, लिंक वर, पिंग चालू, मॉनिटरिंग हिरवं. माझं वैयक्तिक मत, होस्टची संख्या मोठी असेल आणि सगळं ऑटोमेशनने लावत असाल तर विलिंग बंद करून दोन्ही टोकांना पीएफसी हाताने ऑन करणं जास्त भरवशाचं. एफसीओई (ईथरनेटवरून फायबर चॅनेल) वापरणारे इथे वेगळं सांगतील, त्यांना डीसीबीएक्स लागतंच.

ड्रॉप नाहीत पण सगळंच थांबलंय

आता दुसरा आजार. पीएफसीचा स्वभावच असा की गर्दी मागे मागे सरकते. एका होस्टने लीफला थांबवलं, लीफचा बफर भरला, त्याने स्पाइनला थांबवलं, स्पाइनने बाकी लीफना, आणि ज्याचा या होस्टशी काही संबंध नाही तोही थांबला. म्हणून तक्रार जिथून येते तिथे कारण नसतंच बऱ्याचदा. शोधायची पद्धत सोपी: ज्या स्विचपोर्टवर आरएक्स पीएफसी वाढतंय तिकडे चालत जा. पलीकडे स्विच असेल तर त्याच्यावर परत आरएक्स वाढणारा पोर्ट शोधा. शेवटी असा पोर्ट सापडतो ज्याच्या पलीकडे होस्ट आहे. तो होस्ट गुन्हेगार. त्याचं कार्ड अडकलेलं असू शकतं, फर्मवेअर बिघडलेलं असू शकतं, पीसीआय स्लॉट १६ लेनऐवजी ८ किंवा ४ लेनवर आलेला असू शकतो. हा पीसीआयचा प्रकार खूप वेळा निसटतो, कार्ड १०० जीचं, लिंक १०० जीची, पण आत मेमरीपर्यंत जायचा रस्ताच अरुंद, मग बिचारं कार्ड पॉजशिवाय करणार काय. स्लॉटची चालू रुंदी आणि स्पीड नक्की बघा.

अशा वादळासाठी स्विचवर पीएफसी वॉचडॉग असतो. क्यू ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त अडकली तर तो त्या क्यूतली पॅकेट टाकून देतो किंवा पॉज न मानता पुढे पाठवतो, आणि पॉज थांबले की पूर्ववत करतो. वॉचडॉग चालू ठेवाच. पण मग हे लक्षात ठेवा की "लॉसलेसमध्ये ड्रॉप" दिसले तर ते वॉचडॉगनेही केलेले असू शकतात. ड्रॉपची वेळ आणि वॉचडॉगच्या लॉगची वेळ जुळवून बघा. जुळली तर हेडरूम, मॅपिंग यातलं काही बदलू नका, ज्या पोर्टवर वॉचडॉग लागला तिथला होस्ट तपासा. वैतागून वॉचडॉग बंद केला तर ड्रॉप जातील आणि पुढच्या वेळी एका कार्डामुळे अख्खं फॅब्रिक बसेल.

एक विचित्र केस आहे जी कमी येते पण आली की कोणालाच कळत नाही. कित्येक स्विचवर डिफॉल्टने एआरपीची (कुठल्या आयपीचा कुठला मॅक) एंट्री ४ तास राहते आणि मॅक टेबलची (कुठला मॅक कुठल्या पोर्टवर) ५ मिनिटं. एखादा होस्ट बंद पडला किंवा गप्प झाला तर स्विचला त्याचा मॅक माहीत असतो पण तो कुठल्या पोर्टवर आहे ते माहीत नसतं, मग तो पॅकेट सगळ्या पोर्टवर फ्लड करतो. लॉसलेस ट्रॅफिक असं फ्लड झालं की ते वर-खाली नको त्या रस्त्याने जातं, स्विच एकमेकांना गोल गोल थांबवतात आणि डेडलॉक होतो, आणि मग ट्रॅफिक बंद केलं तरी तो आपोआप सुटेलच असं नाही. मायक्रोसॉफ्टच्या त्याच २०१६ च्या मांडणीत हे आहे, आणि उपाय असा की एआरपी आहे पण मॅक नाही अशा वेळी लॉसलेस पॅकेट फ्लड न करता टाकून द्यायची. तुमच्या स्विचला तशी सोय नसेल तर निदान मॅकचा टायमर एआरपीपेक्षा मोठा ठेवा.

ईसीएन आधी, पीएफसी नंतर

पीएफसीचे काउंटर दिवसभर भराभर चढत असतील तर सेटिंग चुकीची नसली तरी डिझाइन चुकतंय. रोजची गर्दी ईसीएनने सांभाळायला हवी. स्विच पॅकेटवर खूण करतो, घेणारं कार्ड पाठवणाऱ्याला सीएनपी (गर्दी झाल्याचा निरोप) पाठवतं, पाठवणारा वेग कमी करतो. डीसीक्यूसीएन नावाचं अल्गोरिदम हेच करतं. यासाठी ईसीएनच्या खुणेची मर्यादा पीएफसी सुटण्याच्या मर्यादेपेक्षा खाली हवी, उलट असेल तर पीएफसी आधी सुटतं आणि ईसीएनला संधीच मिळत नाही. दुसरं म्हणजे सीएनपी वेळेत पोचायला हवी. ती बऱ्याच ठिकाणी डीएससीपी ४८ वर, प्रायॉरिटी ६ ला, स्ट्रिक्ट क्यूत ठेवतात. ती प्रायॉरिटी ३ मध्येच अडकली तर वेग कमी कर हा निरोपच पॉजमागे थांबतो.

दुरुस्त झालं हे कसं कळेल

त्रास गेला म्हणजे दुरुस्त झालं असं धरू नका, कारण हा त्रास आपोआप जातो आणि येतो. मुद्दाम गर्दी करा. दोन होस्टवरून एकाच होस्टला एकाच वेळी आरडीएमए राइटची बँडविड्थ टेस्ट चालवा, ट्रॅफिक क्लास १०६ देऊन. दोन १०० जीचं ट्रॅफिक एका १०० जीच्या पोर्टमध्ये मावणार नाही, म्हणजे स्विचला काहीतरी करावंच लागेल. बघायचं काय: पाठवणाऱ्यांच्या पोर्टवर स्विचचा प्रायॉरिटी ३ चा टीएक्स वाढला पाहिजे, त्या होस्टांवर प्रायॉरिटी ३ चा आरएक्स तेवढाच वाढला पाहिजे, इनग्रेस आणि एग्रेस दोन्हीकडे ड्रॉप शून्य, आणि घेणाऱ्या कार्डावर आउट ऑफ सिक्वेन्स शून्य. पीएफसी अजिबातच वाढलं नाही आणि ड्रॉपही नाहीत तर बहुतेक ईसीएननेच सांभाळलं, तेवढ्या टेस्टपुरतं ईसीएन बंद करून परत चालवा, म्हणजे पीएफसी खरंच तयार आहे का ते कळेल. टेस्ट झाली की परत चालू करायला विसरू नका. पीएफसी वाढलं नाही आणि ड्रॉप आहेत, तर मार्किंगवर परत जा.

बाँड (दोन पोर्ट मिळून एक केलेली लिंक) असेल तर एवढं एकदा करून भागत नाही. बाँडच्या दोन पोर्टांपैकी एकावरच पीएफसी राहिलेलं असतं आणि हॅशिंगमुळे काही फ्लो चांगल्या पोर्टवर पडतात, काही वाईट. टेस्ट एकदा पास होते एकदा नापास होते आणि सगळे म्हणतात इंटरमिटंट आहे. बरेच फ्लो एकदम चालवा आणि दोन्ही मेंबर पोर्टांचे काउंटर वेगवेगळे बघा. जोडीने चालणारे दोन स्विच असतील तर त्यांच्यामधल्या लिंकवरही पीएफसी, ट्रस्ट आणि हेडरूम तेवढंच लागतं, एक पोर्ट पडला की ट्रॅफिक तिकडूनच जातं आणि तोपर्यंत त्या लिंककडे कोणी बघितलेलं नसतं.

हीच टेस्ट होस्ट रीबूट करून एकदा आणि स्विच रीलोड करून एकदा करा, मेंटेनन्सची वेळ मागून घ्या पण करा. आणि मॉनिटरिंगमध्ये निदान एवढं टाका: प्रत्येक होस्टवर ट्रस्ट मोड आणि पीएफसीचे आठ बिट अपेक्षित आहेत का हे रोज तपासणारी छोटी स्क्रिप्ट, प्रत्येक लिंकच्या दोन टोकांच्या पॉज काउंटरमधल्या फरकावर अलर्ट, ग्लोबल पॉजचा काउंटर शून्यापेक्षा वर गेला की अलर्ट, आणि वॉचडॉगच्या प्रत्येक घटनेवर अलर्ट. यातला दुसरा लावायला थोडी मेहनत आहे कारण स्विच आणि होस्टचा डेटा एकाच ठिकाणी आणावा लागतो आणि कुठला पोर्ट कुठल्या कार्डाला जोडलाय ती यादी खरी ठेवावी लागते, पण पीएफसीचं टोक बदललं तर युजरच्या आधी तुम्हाला कळवणारा अलर्ट तोच आहे, म्हणून सुरुवात त्यानेच करा.